आपण सगळे एक का नाही? चर्चच्या ऐक्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह जवळ आला की आमच्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, तेच प्रश्न पुन्हा निघतात. दृढीकरणाच्या (आपल्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गातली मुलं विचारतात, लग्न ठरलेल्या मुलींच्या आया विचारतात, कधी शेजारचे हिंदू किंवा बौद्ध मित्रही विचारतात. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. गेली कित्येक वर्षं दृढीकरणाचा वर्ग घेते, आणि मुलांना उत्तरं देता देता जे वाचलं, ऐकलं, पाहिलं ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

येशू एकच, मग चर्च इतकी का?

मोठ्या फुटी तीन. इ.स. ४५१ मध्ये खाल्केदोनला परिषद भरली. येशूचं देवत्व आणि मनुष्यत्व नेमक्या कोणत्या शब्दांत सांगायचं या वादातून इजिप्त, सीरिया, आर्मेनिया आणि इथिओपियाकडची चर्च पुढे वेगळी झाली. केरळातले ऑर्थोडॉक्स सिरियन ख्रिस्ती याच कुळातले. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल इथल्या धर्मपुढाऱ्यांनी एकमेकांना बहिष्कृत केलं. १५१७ पासून जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या निषेधातून प्रोटेस्टंट चर्च उभी राहू लागली. त्यानंतर इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेत बिशप (अनेक मंडळ्यांवरचे धर्माधिकारी) हवेत की नकोत, बाप्तिस्मा (चर्चमध्ये घेण्याचा पाण्याचा विधी) कधी द्यायचा, चर्चवर राजाची सत्ता किती, अशा मुद्द्यांवरून अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट असे फाटे फुटत गेले.

यातली एकही फूट जालन्यात किंवा कोल्हापुरात पडलेली नाही. हे वाक्य मी वर्गात दोनदा सांगते.

मग आमचं घराणं प्रेस्बिटेरियन आणि तमक्यांचं अँग्लिकन, हे ठरवलं कुणी?

बहुतेक वेळा जिल्ह्यानं. एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या देशांतल्या मिशन संस्था आपल्याकडे आल्या आणि त्यांनी कामाचे प्रदेश वाटून घेतले. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्यानं शिरायचं नाही, असा तो समझोता होता. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि १८३१ पासून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) स्थिरावलं, ते काँग्रिगेशनल. नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप यांनी काम उभारलं. ते स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, आणि जालन्याचे नारायण शेषाद्री त्यांच्याच चर्चचे. कोल्हापूरकडे अमेरिकेतले प्रेस्बिटेरियन आले. नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन. डहाणूला ब्रदरन. नगर जिल्ह्यात मात्र अमेरिकन मिशनच्या जोडीला अँग्लिकनांची एस.पी.जी. ही संस्थाही होती, त्यामुळे शेजारशेजारच्या गावांत दोन तऱ्हेच्या उपासना सुरू झाल्या.

आपल्या खापरपणजोबांनी चार पंथांचा अभ्यास करून एक निवडला नव्हता. ज्यानं शाळा काढली, दुष्काळात धान्य दिलं, ज्याच्या तोंडून येशूचं नाव पहिल्यांदा ऐकलं, त्याचं चर्च ते आपलं चर्च.

माझी आजी अमेरिकन मिशनच्या मंडळीतली, आजोबा अँग्लिकन. आजीच्या माहेरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, बाकावर बसून, छोट्या प्याल्यांतून घ्यायचे. आजोबांकडे वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून, सगळ्यांनी एकाच पेल्यातून. लग्नानंतर आजीला बिशपांकडून दृढीकरण घ्यावं लागलं. जन्मापासून मंडळीत वाढलेली, अर्धी स्तोत्रं पाठ असलेली बाई. तिला प्रभूच्या मेजापर्यंत जायला पुन्हा परवानगी लागली. दोघांच्या गावांमध्ये बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं अंतर होतं. ही गोष्ट ती कधी रागानं सांगायची नाही, पण सांगताना तिचा आवाज बदलायचा. ऐक्याचा विषय माझ्या मनात तिथून आला.

ऐक्याची चळवळ सुरू कधी झाली?

साधारणपणे जून १९१० मधल्या एडिंबरा इथल्या जागतिक मिशनरी परिषदेपासून मोजतात. सुमारे १,२०० प्रतिनिधी आले होते. अध्यक्ष अमेरिकेचे जॉन मॉट. कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स कुणी नव्हते, आणि आशियातले प्रतिनिधी इतके थोडे की एका बाकावर नाही तरी दोन-तीन बाकांवर मावले असते.

त्या थोड्यांत तमिळनाडूचे व्ही. एस. अझरया होते, वय ३५. मिशनरी आणि देशी कामकरी यांच्या सहकार्यावर त्यांना बोलायला सांगितलं होतं. ते म्हणाले की मिशनरी आमच्यासाठी खूप करतात, पण आम्हाला घरी जेवायला बोलावत नाहीत, बरोबरीनं वागवत नाहीत. भाषणाचा शेवट त्यांनी बायबलमधल्या पौलाच्या प्रेमाच्या अध्यायातले शब्द घेऊन केला: तुम्ही गोरगरिबांच्या अन्नदानासाठी आपलं धन दिलंत, आपली शरीरं जाळण्यासाठी दिलीत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. सभागृहातले अनेक जण दुखावले. चीनचे तरुण प्रतिनिधी चेंग जिंगयी यांनी त्याच परिषदेत सांगितलं की पंथभेदात चिनी मनाला कधी रस वाटलेला नाही, आम्हाला पंथभेद नसलेलं एक चर्च हवं आहे.

परिषदेचे ठराव आता फारसे कुणी वाचत नाही. ही दोन भाषणं मात्र अजून वाचली जातात, आणि मला वाटतं ते योग्यच आहे. ज्यांनी फुटी पाडल्या नाहीत त्यांनीच त्या भरून काढा म्हणून आधी मागणी केली.

अझरया १९१२ मध्ये आताच्या तेलंगणातल्या दोर्नाकलचे बिशप झाले, भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. १९१९ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला ते आणि इतर पाळक जमले. ३३ जणांच्या त्या बैठकीत दोघे सोडता सगळे भारतीय होते. तिथूनच दक्षिण भारतातल्या एकीकरणाच्या बोलण्यांना सुरुवात झाली.

ऐक्य म्हणजे सगळ्यांनी एकाच संस्थेत विलीन व्हायचं का?

तो एक मार्ग आहे, एकमेव नाही. काही ठिकाणी चर्च खरोखर विलीन झाली. काही ठिकाणी संस्था वेगळ्या राहतात, पण एकमेकांचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पाळकपद मान्य करतात. भारतात चर्च ऑफ साउथ इंडिया, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) आणि केरळातलं मार थोमा चर्च यांनी हेच केलं. १९७८ पासून त्यांची संयुक्त परिषद आहे. म्हणजे पुण्याची सीएनआयची मुलगी केरळात तिरुवल्ल्याला मार थोमा चर्चमध्ये गेली तर तिथे ती पाहुणी नसते. तिसरा प्रकार फक्त सहकार्याचा: एकत्र दवाखाना, एकत्र बायबल भाषांतर, पुराच्या वेळी एकत्र मदत. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अनेक चर्च मिळून चालवतात. असं काम कुणा एका पंथाच्या आवाक्यातलं नव्हतं.

नागपूरला १९७० मध्ये नेमकं काय झालं?

२९ नोव्हेंबर १९७०, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ही सहा अशी: अँग्लिकन परंपरेचं चर्च ऑफ इंडिया, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांचं १९२४ मध्ये आधीच एकत्र आलेलं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषद, चर्च ऑफ द ब्रदरन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचं मेथडिस्ट चर्च.

बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती. चाळीस वर्षं आराखडे लिहिले गेले, खोडले गेले, परत लिहिले गेले. जे आजोबा तरुणपणी या बैठकांचे वृत्तांत वाचत होते त्यांच्या नातवंडांनी नागपूर पाहिलं.

मुलं हमखास विचारतात: नाव नॉर्थ इंडिया, मग महाराष्ट्र त्यात कसा? दक्षिणेकडच्या राज्यांत २७ सप्टेंबर १९४७ ला, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, चर्च ऑफ साउथ इंडिया झालं होतं. उरलेला देश नॉर्थमध्ये आला. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर असे सीएनआयचे धर्मप्रांत (एकेका बिशपांचे प्रदेश) आहेत.

बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी? हा वाद कसा मिटवला?

मिटवला नाही, आणि सीएनआयचं सगळ्यात मोठं धाडस मला यातच दिसतं.

अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात: देवाची कृपा आधी येते, आपला विश्वास मागून. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणतात की ज्यानं स्वतः विश्वास ठेवला त्यालाच बाप्तिस्मा, आणि तो पाण्यात बुडवून. युरोपात या मुद्द्यावर माणसांना ठार मारलं गेलं आहे. झुरिचमध्ये सोळाव्या शतकात मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्यांना नदीत बुडवलं गेलं.

नागपूरच्या आराखड्यानं दोन्ही प्रथा एकाच चर्चमध्ये ठेवल्या. आईवडिलांना वाटलं तर बाळाचा बाप्तिस्मा. नाही वाटलं तर बाळाचं अर्पण करून देवाचे आभार मानायचे, आणि मोठं झाल्यावर ते स्वतः बाप्तिस्मा मागेल. दोघेही पुढे आपल्या तोंडानं विश्वास कबूल करतात आणि मगच प्रभुभोजनाचे सभासद होतात. म्हणजे दोन वाटा एकाच दारात येतात. ज्या पाळकाची सदसद्विवेकबुद्धी बालबाप्तिस्म्याला तयार नाही त्याच्यावर सक्ती नाही. दुसरा पाळक तो विधी करतो.

अडचण तिसऱ्याच ठिकाणी येते. लहानपणी बाप्तिस्मा झालेला मुलगा कॉलेजात एखाद्या प्रार्थनागटात जातो आणि घरी येऊन म्हणतो, तो माझा खरा बाप्तिस्मा नव्हता, मला परत घ्यायचाय. आई रडते. असा प्रसंग पाळकानं बिशपांपुढे नेऊन हाताळायचा असतो, आणि झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो. पण नियम सांगून घरातलं रडू थांबत नाही. मी अशा मुलाला एवढंच सांगते: तुझ्या आईनं तुला पाण्यापाशी नेलं तेव्हा तिनं जो विश्वास धरला होता, तोच आज तुझ्या मनात बोलतोय. तिनं तुला देववलेला बाप्तिस्मा न नाकारताही तू आपला विश्वास कबूल करू शकतोस. काहींना पटतं.

निरनिराळ्या चर्चच्या पाळकांना एक कसं केलं? कुणाचं पाळकपद खोटं ठरलं का?

अँग्लिकनांच्या दृष्टीनं बिशपानं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय पाळकपदाची दीक्षा पूर्ण होत नाही. मग ज्यांना बिशप नव्हते त्या मंडळ्यांचे पाळक अपुरे का? असं म्हटलं असतं तर एकीकरण तिथेच संपलं असतं.

दक्षिणेत १९४७ मध्ये जुन्या सर्व पाळकांना आहे तसं स्वीकारलं, आणि पुढच्या सगळ्या दीक्षा बिशपांकडून व्हायच्या असं ठरलं. त्यामुळे इंग्लंडमधले काही अँग्लिकन फार नाराज झाले आणि दक्षिणेच्या चर्चला पूर्ण मान्यता मिळायला बरीच वर्षं लागली. नागपुरात वेगळी वाट काढली: सगळ्यांनीच एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. ज्याला जे उणं असेल ते देवानं द्यावं, अशी मागणी. कुणाला काय उणं होतं हे माणसांनी ठरवायचं नाही. बिशपही त्या प्रार्थनेसाठी खाली वाकले. काही धर्मपंडितांना ही पळवाट वाटते. मला ती नम्रता वाटते.

आज सीएनआय अँग्लिकन कुटुंबातही आहे, रिफॉर्म्ड (प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल कुळातल्या) चर्चच्या जागतिक सहभागितेतही आणि जागतिक मेथडिस्ट परिषदेतही. बिशप निवडून येतात आणि सिनॉडच्या, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेच्या, घटनेला बांधलेले असतात.

मेथडिस्ट चर्च अजून वेगळं कसं?

अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च शेवटपर्यंत बोलण्यांत होतं. ऑगस्ट १९७० मध्ये, स्थापनेला तीन महिने उरले असताना, त्यांनी माघार घेतली. १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झालं. सामील झाले ते ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट. म्हणून पुण्या-मुंबईत आजही दोन्ही चर्च आहेत.

एकत्र आल्यावर भांडणं संपली का?

नाही. मुलांना हे लपवू नये. सर्वांत जास्त भांडणं मालमत्तेवरून झाली: बंगले, शाळा, मिशन कंपाउंडच्या जमिनी. शहरं वाढली तशी त्या जमिनींची किंमत वाढली आणि मंडळ्या कोर्टात गेल्या. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून सार्वजनिक न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. न्यासाच्या कायद्यानंच जावं लागतं. चाळीस वर्षं धर्मशास्त्रावर काथ्याकूट केला, पण सात-बाराच्या उताऱ्याकडे हवं तितकं लक्ष गेलं नाही.

आणि दुसरं, जास्त बोचणारं. अझरयांनी मागितलेले मित्र. नागपूरनंतर एका चर्चचे सभासद झालेल्या दोन मंडळ्या, एक पूर्वीची अँग्लिकन आणि एक पूर्वीची काँग्रिगेशनल, एकाच शहरात पन्नास वर्षं राहूनही एकमेकींकडे नाताळचा फराळ पाठवत नाहीत, असं मी पाहिलं आहे.

जातीचं काय?

हा प्रश्न ऐक्याच्या पुस्तकांत मागे पडतो, आपल्याकडे तो पहिला यायला हवा. प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन हा फरक बाहेरून आला. महारवाडा आणि मांगवाडा हा फरक इथलाच. पंथाची भिंत पाडणाऱ्या मंडळ्यांतही लग्न ठरवताना मूळ विचारलं जातं. अझरया यांच्या दोर्नाकलमध्ये माला आणि मादिगा हे दोन दलित समाज होते, आणि त्यांनी एकत्र बसून प्रभुभोजन घ्यावं यासाठी त्यांना सतत झटावं लागलं.

या बाबतीत एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांना १९९० चा अर्थ वेगळा सांगायला नको. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. या प्रश्नावर कॅथलिक बिशप परिषद आणि प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस एकत्र उभ्या राहतात, आणि १० ऑगस्ट हा त्या आदेशाचा दिवस निषेध म्हणून एकत्र पाळतात. ज्यांना एका मेजावर बसता येत नाही ते एका रस्त्यावर चालतात. २०१३ च्या प्रार्थना-सप्ताहाचं साहित्य भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटनं तयार केलं होतं, बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायावर, आणि त्यात दलितांचा प्रश्न मध्यभागी होता. त्या जानेवारीत जगभरातल्या मंडळ्यांनी आपल्याकडच्या जातिव्यवस्थेविषयी प्रार्थना केली. आपण किती ठिकाणी केली?

कॅथलिक आणि आपण एक होऊ शकतो का?

पाया आधीच एक आहे. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला आपला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. सीएनआयची व्यक्ती कॅथलिक झाली तरी पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २१ नोव्हेंबर १९६४ ला ऐक्याविषयीचा हुकूमनामा काढला, तेव्हापासून आपल्याला त्यांच्या कागदपत्रांत विभक्त बंधू म्हटलं जातं. पाखंडी हा शब्द गेला. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी, मनुष्य देवाच्या कृपेनं नीतिमान ठरतो या मूळ वादाच्या मुद्द्यावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड चर्चनीही तिला मान्यता दिली.

प्रभुभोजन मात्र अजून वेगळं आहे. अपवाद सोडले तर कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, आपल्याला ख्रिस्तप्रसाद (त्यांच्याकडचं प्रभुभोजन) घेता येत नाही. माझ्या मामेबहिणीचं लग्न वसईच्या कॅथलिक कुटुंबात झालं. मिस्सा मराठीत होती, त्यांच्या गायकवृंदानं मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं एक गीत म्हटलं, ते मला तोंडपाठ होतं. मग सगळे उठून रांगेत गेले आणि आम्ही बाकावर राहिलो. फादर नंतर जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, मलाही दुखतं. त्यांनी नियम मोडला नाही, मीही मोडायला सांगितलं नाही. ते दुखणं दोघांनी वाटून घेतलं, एवढंच.

मराठीनं आपल्याला आधीच जोडलं आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. इंग्लंडात कॅथलिकांचा छळ होत असताना निघून आलेला तो इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू), आणि आज त्याच्या ओव्या सीएनआयचे पाळकही उपदेशात आणतात.

मुलगी कॅथलिक मुलाशी लग्न करतेय. काय काय लागतं?

कॅथलिक पक्षाला त्यांच्या बिशपांची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्या परीनं प्रयत्न करीन, असं वचन कॅथलिक व्यक्ती देते. तुमच्या मुलीला त्याची कल्पना दिली जाते, तिच्याकडून ते वचन घेत नाहीत. मुलीनं धर्मपंथ बदलायची अट नाही. दोन्हीकडच्या धर्मगुरूंशी साखरपुड्याच्या आधी बोला. पत्रिका छापल्यावर नको.

पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या यात कुठे बसतात?

पेंटेकॉस्टल म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या मंडळ्या. या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी पुणे जिल्ह्यातल्या केडगावहून सुरू करते. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मोठं आत्मिक संजीवन झालं, म्हणजे विश्वास नव्यानं जागा करणारी प्रार्थनेची लाट आली. विधवा आणि दुष्काळातून आलेल्या मुली तासन् तास प्रार्थना करत, रडत, मोठ्यानं स्तुती करत. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या मेथडिस्ट मिशनरी बाईंनी त्याविषयी एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वाल्पाराइसोला राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हर यांना, पाठवली. मे यांचे पती विलिस तिथल्या मेथडिस्ट मंडळीचे पाळक. त्यांनी ती वाचली, मंडळी प्रार्थनेला बसली आणि १९०९ मध्ये तिथे संजीवन पेटलं. मेथडिस्ट पुढाऱ्यांना ते मानवलं नाही, फूट पडली, आणि चिलीचं पेंटेकॉस्टल चर्च जन्माला आलं.

आता पुढचा भाग. १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेचं तिसरं अधिवेशन नवी दिल्लीत भरलं. परिषद १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमला १४७ चर्चनी स्थापन केली होती. दिल्लीत रशियन ऑर्थोडॉक्स चर्च आत आलं, एडिंबऱ्यातून निघालेली आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद तीत विलीन झाली, आणि पहिल्यांदाच दोन पेंटेकॉस्टल चर्च सभासद झाली. ती दोन्ही चिलीची. केडगावच्या मुलींच्या प्रार्थनेची ठिणगी दक्षिण अमेरिकेला जाऊन छप्पन्न वर्षांनी दिल्लीत परत आली. शिकवताना माझा गळा इथे दाटतो.

बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या आजही या परिषदेबाहेर आहेत. त्यांची आणि आपली पद्धत वेगळी, आणि सभासद पळवल्याच्या तक्रारी दोन्हीकडून येतात, काही खऱ्याही असतात. पण त्यांचे पाळक पहाटे दवाखान्यात रुग्णांसाठी प्रार्थना करताना भेटतात. तिथून बोलणं सुरू करता येतं.

ऐक्यासाठी सत्य सोडायचं का?

नाही. नायसियाचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचं प्राचीन जाहीर विधान), येशूचं मरण आणि पुनरुत्थान, पवित्र शास्त्र यांवर तडजोड कुणीच मागितलेली नाही. प्रश्न असा असतो की आपण ज्याला सत्य म्हणतो त्यातलं शुभवर्तमान किती आणि स्कॉटलंडची सवय किती. हे तपासायला दुसऱ्याची गरज लागते. आपली सवय आपल्याला दिसत नाही.

ही सगळी एकजूट धर्मांतरासाठी आहे का?

शेजारच्या मित्रानं सरळ विचारलं म्हणून सरळ उत्तर. ख्रिस्ती माणूस आपल्या विश्वासाची साक्ष देतो, ते आम्ही नाकारत नाही. येशूनं वधस्तंभाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांनी एक व्हावं अशी प्रार्थना केली ती जगानं विश्वास धरावा म्हणून, असं योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातच आहे. पण साक्ष कशी द्यायची यावरही चर्च एकत्र बोलली आहेत. २८ जून २०११ ला व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स (इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांची जागतिक संघटना) यांनी मिळून एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात आमिष, फसवणूक आणि दबाव यांना स्पष्ट नकार आहे, आणि इतर धर्मांच्या लोकांचा आदर ही साक्षीचीच अट मानली आहे. हे तिघे एरवी क्वचित एका कागदावर सही करतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख होते, एक टक्क्याहूनही कमी. इतक्या थोड्या लोकांनी वीस नावांखाली वेगवेगळं दिसणं ही आमच्याच साक्षीची अडचण आहे.

जगभरच्या चर्चशी आमच्या छोट्या मंडळीचा काय संबंध?

१९१० मध्ये जगातले साधारण दोनतृतीयांश ख्रिस्ती युरोपात राहत होते. शंभर वर्षांनी ते प्रमाण एकचतुर्थांशावर आलं. बहुसंख्य ख्रिस्ती आता आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात आहेत. म्हणजे पाठवणारे तिकडे आणि घेणारे इकडे, ही विभागणी संपली. परदेशातून पैसे येतील अशी वाट पाहणाऱ्या कमिट्यांना हे अजून उमगलेलं नाही, असं मला वाटतं.

आमच्या गावात काय करता येईल?

ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह १८ ते २५ जानेवारी. त्याचं साहित्य १९६८ पासून व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून वापरतात, त्यामुळे फादरांकडेही तेच असतं. एका संध्याकाळी त्यांच्याकडे, एका संध्याकाळी आपल्याकडे, इतकं साधं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. तो स्त्रिया चालवतात, आणि माझ्या अनुभवात आमच्या शहरातलं सगळ्यात टिकाऊ ऐक्य त्याच बायकांनी राखलं आहे. पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात तर १९७० च्या दशकात कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेच्या भगिनी एका छताखाली राहून एकत्र प्रार्थना करत होत्या.

पहिल्या वर्षी फार मोठा कार्यक्रम ठेवू नका. मंडप, पाहुणे, भाषणं यांतच जानेवारी संपतो. दहा माणसं, रेव्हरंड टिळकांची दोन गीतं, योहान १७, आणि नंतर चहा. चहा कोण करणार हे आधी ठरवून ठेवा, आणि तो दोन्हीकडच्यांनी मिळून करावा. शहरात कुठलं कुटुंब आजारपणानं किंवा नोकरी गेल्यानं अडचणीत आहे त्याची यादी त्या चहाच्या वेळी काढा. मग ते कुठल्या चर्चचं हे न विचारता पुढच्या रविवारपर्यंत दोघं जण, एक इकडचा आणि एक तिकडचा, त्यांच्याकडे जाऊन येऊ देत.